गांडुळाची परदेशवारी

शेतकऱ्याच्या सोबत्यांना आपल्या सणांनी सहसा विसरलेले नाही. वसुबारसेला गाय, पोळ्याला बैल, नागपंचमीला नाग. इतकेच काय, पाडव्याच्या सकाळी अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी मांडून आणि वर झेंडूची फुले खोवून आपण साक्षात शेणाचाही मान करतो. या पंगतीत पाट मिळाला नाही तो एकट्या गांडुळाला. दानवे, वाळे, शिदोड, काडू अशी गावोगावची नावे त्याला आहेत; पण त्याची आठवण व्हायची ती पावसाळ्यात पायाखाली आले म्हणून, नाहीतर मासे धरणाऱ्या पोरांना गळाला लावायला हवे असते म्हणून. आणि आता गेल्या काही वर्षांत मौज अशी झाली आहे की, या दुर्लक्षित प्राण्याच्या विष्ठेला परदेशी गिऱ्हाईक आहे काय, ही चौकशी खेडोपाडी होऊ लागली आहे. चार वाफे घालून गांडूळखत करणारा तरुण आणि बचतगटातल्या बायका, दोघेही विचारतात, 'दुबईला माल जातो म्हणतात, ते खरे का?'

या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी त्याचा इतिहास सांगावा, असे मी ठरवले आहे. कारण जमिनीचा कस जहाजात भरून दुसऱ्या देशी नेण्याचा धंदा नवा नाही, आणि किडा पाळून परदेशी पैसा मिळवण्याचे स्वप्नही दख्खनला नवे नाही.

पण आधी जागा पाहू. नगरहून (हल्ली अहिल्यानगरहून) छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की सुमारे ३५ किलोमीटरवर नेवासे तालुक्यातले घोडेगाव लागते. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचे घोडेगाव आहे, ते वेगळे. हे घोडेगाव बाजाराचे. घोडेश्वरीचे देऊळ, जवळ शनिशिंगणापूर, आणि दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेला जनावरांचा बाजार. म्हशी, बैल, शेळ्या; दलालांची रुमालाखालची बोटे; टेम्पोत चढायला नकार देणारी एखादी मानी म्हैस. त्याच्या जोडीला कांद्याचा मोठा बाजार. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात सोनईला आणि भेंड्याला आज सहकारी साखर कारखाने आहेत. कारखाना म्हटला की प्रेसमड आली, ऊस म्हटला की पाचट आले, जनावरांचा बाजार म्हटला की शेण आले. गांडुळाला पोटभर जेवण घालायचे तर याहून चांगला मुलूख शोधून सापडायचा नाही. शेजारच्या राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ असल्यामुळे सल्लाही हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा घोडेगावच्या कुणा होतकरू माणसाच्या मनात परदेशाचा विचार आला, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

आता इतिहास. खताच्या व्यापाराचे पहिले मोठे वेड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जगाला लागले ते ग्वानोचे. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शेकडो वर्षांचे थर होते. १८४० नंतर इंग्रज शेतकऱ्याला त्याची चटक लागली आणि जहाजांच्या रांगा लागल्या. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर इचाबो नावाचे एक चिमुकले बेट आहे. १८४३ मध्ये तेथे ग्वानो खणायला प्रारंभ झाला आणि १८४५ पर्यंत बेट खरवडून मोकळे झाले. दोन वर्षांत शतकांची शिल्लक संपली. लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तर इंग्लंडवर असा आरोप करीत असे की, युरोपातल्या रणांगणांवरची हाडेसुद्धा हा देश आपल्या शेतात टाकण्यासाठी उपसून नेतो.

हाडांची ही गाडी हिंदुस्थानच्या दारीही आली. इथली जनावरांची हाडे आणि तेलबिया जहाजांतून परदेशी जात. १८८९ मध्ये डॉ. व्होल्कर नावाचे रसायनज्ञ सरकारने बोलावले. त्यांनी देशभर हिंडून १८९३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी शेतकरी अडाणी नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. शेण शेतात न जाता चुलीत जाते, कारण सरपण नाही, हेही त्यांनी दाखवले. आपल्याकडे गोवऱ्या थापणाऱ्या बाईला दोष देणारे पुष्कळ निघतात. तिच्या चुलीखाली दुसरे काय घालायचे, एवढा एक प्रश्न विचारणारा हा साहेब म्हणून मला आवडतो. पुढे १९२६ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतकीविषयक शाही आयोग नेमला गेला. हाडे, तेलबिया आणि पेंड यांच्या निर्यातीवर बंदी घाला, ही आपल्या लोकांची मागणी त्याच्यापुढे आली. १९२८ च्या अहवालात आयोगाने ती मान्य केली नाही. बंदीने भाव पडतील आणि नुकसान शेतकऱ्याचेच होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. पण जो कस जातो त्याची किंमत कोण भरून देणार, हा प्रश्न तसाच राहिला. आज गांडूळखताच्या निर्यातीच्या गोष्टी करताना तो पुन्हा दारात उभा आहे.

गांडुळाकडे शास्त्राची नजर वळवली ती चार्ल्स डार्विनने. १८३७ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे त्याने गांडुळांवर निबंध वाचला आणि मग चव्वेचाळीस वर्षे हा विषय मनात घोळवून, १८८१ च्या ऑक्टोबरात त्यावर पुस्तक काढले. पुढच्या एप्रिलात तो वारला. एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा इंग्लंडातल्या काही जमिनींचा हिशेब होता. पण आपल्या दृष्टीने त्या पुस्तकातली गोड गोष्ट निराळी आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीच्या डोंगरातून गांडुळांनी टाकलेले मातीचे मनोरे डार्विनकडे पाठवण्यात आले होते. त्यांची चित्रे पुस्तकात आहेत, वजनेही आहेत. निलगिरीचा एक ढेकूळ पाव पौंडाहून अधिक भरला. म्हणजे हिंदुस्थानी गांडूळखताची परदेशवारी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झाली म्हणायची! भाडे कोणी दिले आणि आरोग्याचा दाखला जोडला होता की नाही, याची चौकशी त्या काळी कुणी केली नसावी.

याच ओघात एका मराठी नावाचा उल्लेख केलाच पाहिजे. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात वनस्पतिउद्योग संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी उलटून, काही महिन्यांत काळे भुसभुशीत खत करण्याची रीत तेथे बसवली गेली. जग तिला 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखते. १९३१ मध्ये यावर जे पुस्तक निघाले, त्यावर दोघांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डना पुढे 'सर' मिळाले, सेंद्रिय शेतीचे आद्य आचार्य म्हणून पाश्चात्त्य देशांत त्यांचे नाव झाले. डार्विनच्या गांडूळ-पुस्तकाची आवृत्ती १९४५ मध्ये पुन्हा निघाली तेव्हा प्रस्तावना त्यांचीच होती. वाड यांचे नाव मात्र आपल्याकडच्या शेतकी शाळांतही सहसा ऐकू येत नाही. आणि निर्यात म्हणून पाहिले तर केवढी! आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत ही रीत गेली. इंदुराहून एक गोणही बंदराला न पाठवता.

आता किड्यांच्या शेतीकडे येऊ. पेशवाई बुडाल्यानंतर बाराएक वर्षांनी, म्हणजे १८३० च्या सुमारास, मुट्टी नावाच्या एका इटालियन गृहस्थाने पुण्याच्या परिसरात तुतीची झाडे लावून रेशमाचे किडे पाळण्याचा खटाटोप मांडला. सरकारनेही त्याला हातभार लावला. दख्खनचे रेशीम विलायतेत विकले जाईल, रयतेच्या हाती पैसा खेळेल, अशा आशा बांधल्या गेल्या. आपल्या देशात तुती झाडासारखी वाढवतात तशी ती इथेही वाढवावी, हा मुट्टीचा आग्रह. पण लोंबार्डीची हवा निराळी आणि दख्खनचा वैशाख निराळा. किडा हा जनावरासारखा राखावा लागतो. त्याला वेळेवर पाला लागतो, सावली लागते, स्वच्छता लागते. आणि एवढे करूनही एका उन्हाळ्यात सगळे घर रिकामे होते. १८४० नंतरच्या दशकात तो प्रयोग आटोपला.

याच किड्याची दुसरी गोष्ट जपानातली आहे, आणि ती निर्यातीचे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्स आणि इटलीतले रेशमी किडे एका रोगाने पटापट मरू लागले. निरोगी बियाणे हवे, ते कुठे मिळेल? शोधता शोधता १८६० च्या दशकात इटालियन व्यापारी थेट जपानला पोचले. जपानी शेतकरी कागदी पुठ्ठ्यांवर पतंगांकडून अंडी घालवून घेत आणि असे पुठ्ठे योकोहामाच्या बंदरातून युरोपला जात. जिवंत किड्याची अंडी, अर्धे जग ओलांडून, वाटेत उबू नयेत म्हणून तळहातावरच्या फोडासारखी जपत नेली जात. भाव चढले, खेड्यांत पैसा आला, आणि त्याबरोबर भेसळही आली. हलकी अंडी चांगली म्हणून खपवली जाऊ लागली. इकडे फ्रान्समध्ये लुई पाश्चर १८६५ पासून त्या रोगाच्या मागे लागला होता. मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी वेगळी काढण्याची त्याची रीत १८७० पर्यंत प्रसिद्ध झाली. गिऱ्हाइकाला आपले बियाणे घरीच निवडता येऊ लागले, आणि जपानी पुठ्ठ्यांचा बाजार त्या दशकात ओसरत गेला. जपान शहाणे, त्याने अंडी विकणे सोडून रेशमाचा धागा सुधारला आणि त्यावर पुढची पन्नास वर्षे राज्य केले.

गांडुळाच्या बाबतीत परिस्थिती आणखीच विचित्र आहे. आपल्याकडे वाफ्यांत जी गांडुळे दिसतात, त्यांतली बहुसंख्य मुळात परकी! आयसेनिया फेटिडा हे तांबडे गांडूळ युरोपकडचे, युड्रिलस हे पश्चिम आफ्रिकेचे. कचरा झपाट्याने खातात आणि पिलावळही झपाट्याने वाढवतात, म्हणून ती आणली गेली. देशी पेरिऑनिक्स आहे, पण त्याचा बोलबाला कमी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी आणि पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी १९८० च्या दशकात या विषयाला जो पाया घातला, त्यानंतर महाराष्ट्रात गांडूळखत घरोघरी झाले. तेव्हा 'आमची गांडुळे परदेशी विकू' म्हणणाऱ्याला पहिली अडचण हीच की, ती बहुतेक देशांत आधीच आहेत. अमेरिकेत तर मासे धरणाऱ्यांसाठी गांडुळे पाळण्याचा धंदा जुना आहे. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे चुलतभाऊ ह्यू कार्टर यांचे नाव त्याच धंद्यात गाजले होते.

दुसरी अडचण कायद्याची. जिवंत प्राणी आणि माती या दोन गोष्टींना जगातले प्रत्येक बंदर भिते. मातीबरोबर सूत्रकृमी येतात, बुरशी येते, तणाचे बी येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर जोड्याच्या तळव्याला लागलेला चिखलही धुवून मगच माणसाला आत घेतात. जिवंत गांडुळांना बहुतेक ठिकाणी आयातदाराने आधी परवाना काढावा लागतो. उलट बाजूने, आपले देशी गांडूळ एखाद्या परक्या कंपनीला हवे असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची संमती लागते. हे अगदी योग्यच आहे असे मला वाटते.

मग उरले खत. २००६ मध्ये केंद्र सरकारने गांडूळखत खत नियंत्रण आदेशात घेतले आणि त्याला मोजमाप लावले: ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, चार मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारे, शिसे, कॅडमियम वगैरे विषारी धातू ठराविक मर्यादेच्या आत. लहान उत्पादकाने परदेशाचे नाव काढण्यापूर्वी आपला ढीग या चाळणीतून एकदा गाळून पाहावा. एका महिन्याचे खत काळे, दुसऱ्या महिन्याचे तपकिरी, तिसऱ्यात प्लॅस्टिकच्या चिंध्या. घोडेगावच्या बाजारात हे खपेल, कारण तेथे घेणारा मूठभर हातात घेऊन वास घेतो आणि भाव ठरवतो. परदेशी गिऱ्हाईक वास घेत नाही, प्रयोगशाळेचा कागद मागते.

आणि एक हिशेब मांडतो. वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. त्यात गांडूळखत ठासून भरले तर ओलावा धरून २५ टनांच्या आसपास बसेल. त्यातला पाचवा हिस्सा पाणी, म्हणजे ५ टन पाणी आपण न्हावाशेवा बंदरातून समुद्रापार धाडणार; तेही ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्यांतले. नत्र धरले १ टक्का, तर सगळ्या कंटेनरात २५० किलो. एवढेच नत्र युरियाच्या बारा गोण्यांत मिळते. तेव्हा नुसत्या नत्रासाठी हे खत कोणी मागवणार नाही. ज्याची जमीन वाळूची आहे, ज्याला तीत कर्ब आणि ओल धरून ठेवायची आहे, आणि ज्याच्याजवळ भाडे द्यायला पैसा आहे, तोच ते मागवील. म्हणूनच नजर आखातावर जाते. जून २०२२ मध्ये जयपूरच्या कनकपुरा स्थानकातून कुवेतसाठी १९२ मेट्रिक टन शेण रवाना झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी ते मोठ्या कौतुकाने छापले. खजुराच्या झाडांना शेणाच्या भुकटीने फायदा होतो, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे होते. तेव्हा 'ते खरे का?' या प्रश्नाचे उत्तर 'होय, संधी आहे' असेच द्यावे लागेल. पण १९२ टन एकाच तऱ्हेचा, एकाच ओलाव्याचा माल ठरल्या तारखेला गोळा करणे चार वाफ्यांच्या माणसाचे काम नव्हे. त्याला एकीच करावी लागेल; आणि ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला लहान ऊसवाल्यांचा कारखाना उभा करून दाखवला, त्या जिल्ह्याला एकी म्हणजे काय हे शिकवायला नको.

युरोपची गोष्ट याहून अवघड. जनावराच्या शेणापासून केलेले खत तेथे न्यायचे तर ते मान्यताप्राप्त कारखान्यातून निघालेले आणि किमान ७० अंश उष्णतेवर किमान ६० मिनिटे तापवलेले असावे लागते. विषमज्वराच्या जातीच्या जंतूंचा त्यात मागमूस चालत नाही. नियम आरोग्याचा आहे, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण आमचा उत्पादक पोत्यावर अभिमानाने छापतो 'जिवंत खत'. आणि त्यातला जो जीव तो विकायला निघाला, तोच दारावर मारून मग आत घ्यायचा, असा हा प्रकार. शिवाय तापवायला इंधन हवे, यंत्र हवे. पस्तीस अंशांवर मान टाकणाऱ्या गांडुळाला नगरच्या मे महिन्यात गोणपाट ओले करकरून जगवणाऱ्या बाईने सत्तर अंशांची भट्टी कोठून आणावी?

या सगळ्या अडचणी कागदावर दिसतात तरी. एक अडचण मात्र गोड बोलत दारी येते. 'गांडुळे आमच्याकडून घ्या, वाढवा, सगळा माल आम्हीच परदेशी पाठवू' असा करारनामा घेऊन येणारे गृहस्थ. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका कंपनीने असेच केले. नव्या सभासदाला विकायची गांडुळे जुन्या सभासदाकडून घ्यायची. बाहेरचे खरे गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. २००३ मध्ये ती बुडाली आणि कितीतरी कुटुंबांच्या हाती डबे भरभरून गांडुळे राहिली. आपल्याला हे दूरचे वाटायचे कारण नाही. इमू पाळा म्हणणारे आले आणि गेले. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या पायी पश्चिम महाराष्ट्रात काय झाले, ते ताजे आहे. अशा माणसाला एकच विचारावे: शेवटचे गिऱ्हाईक कोण, आणि त्याने गेल्या वर्षी कोणत्या बंदरातून किती माल उचलला? उत्तर न आले तर चहा पाजून वाटेला लावावे.

परदेशी बाजाराचा लहरीपणा घोडेगावाला कांद्याने शिकवलेला आहेच. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. एका सकाळी भाव कोसळले तेव्हा ज्यांचा माल गाडीत होता, त्यांना मी वेगळे सांगायला नको. खतावर उद्या अशी बंदी येईल असे नाही. पण जमीन भुकेली आणि खत बोटीत, अशी ओरड झाली तर ती सर्वस्वी खोटी असणार नाही. आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब खालावला आहे, हे माती परीक्षणाचा कागद हाती घेणाऱ्या कोणत्याही ऊसवाल्याला माहीत आहे.

माझे मत विचाराल तर जपान्यांनी पुठ्ठ्यांवरून धाग्याकडे जे वळण घेतले, तेच इथे घ्यावे. २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपच्या बंदरात अडली, ती एका वाढनियंत्रक औषधाचा अंश सापडला म्हणून. तेव्हापासून निर्यातीच्या बागा करणारे लोक वेलीत काय घालतो याचा वहीत बारीक हिशेब ठेवतात. हेच लोक गांडूळखताचे चोखंदळ गिऱ्हाईक आहेत. ते प्रयोगशाळेचा कागदही मागतील आणि रोख पैसेही देतील. त्यांच्यासाठी कंटेनर लागत नाही, भट्टी लागत नाही, आणि पाण्याचे भाडेही पडत नाही. गांडुळाचे श्रम द्राक्षाच्या पेटीत बसून लंडनला जातात. गांडूळ घरीच राहते.

तरीही कोणाला आखाताची वाट धरायचीच असेल, तर त्याने पहिल्या वर्षी कंटेनर न भरता फक्त नमुने तयार करावेत. एकाच बाजाराचे शेण, एकाच कारखान्याची प्रेसमड, सहा ते आठ आठवड्यांचा एकेक वाफा, आणि प्रत्येक वाफ्याची तारीख वहीत. असे बारा महिन्यांचे बारा नमुने, उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. त्यांचा रंग आणि कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळले, तर निर्यातीच्या परवान्याचा अर्ज करायला हरकत नाही; न जुळले, तर घोडेगावचा पुढचा बाजार आहेच.